मृदंगाची कणीक

गेल्या जुलैत नातीचा फोन आला. ती आयर्लंडमध्ये लिमरिकला नोकरी करते. रविवारी तिचा फोन ठरलेला असतो. त्या दिवशी मात्र ती आधीच एक व्हिडिओ पाठवून मोकळी झाली होती. "आजी, आधी तो बघ, मग बोलू," म्हणाली.

व्हिडिओत एक अरुंद खोली होती. टेबलाभोवती दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलेली. एक म्हातारा डोळे मिटून फिडल वाजवत होता, त्याच्या शेजारी जेमतेम बारा वर्षांची पोर बासरी वाजवत होती, आणि एकजण काखेत भाता दाबून कसलंसं वाद्य वाजवत होता. त्या वाद्याला इलन पाइप्स म्हणतात, हे नातीने मागाहून सांगितलं. तोंडाने फुंकायचं नाही, कोपराने भाता दाबायचा. स्टेज नाही, माईक नाही, निवेदक तर नाहीच नाही. ऐकणारे कोण आणि वाजवणारे कोण तेही कळत नव्हतं.

गावाचं नाव मिलटाऊन मालबे. क्लेअर नावाच्या परगण्यात अटलांटिक समुद्राच्या काठाला आहे. वस्ती हजाराच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम खेड्याएवढी. तिथे विली क्लॅन्सी नावाचा एक नामांकित पाइपवादक होऊन गेला. तो 1973 च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या नावाने गावात एक आठवड्याची संगीतशाळा भरली, ती आजतागायत दर जुलैत भरते. सकाळी शाळेत, सभागृहात, लोकांच्या घराघरांत जुने वादक नव्यांना शिकवतात आणि रात्री गावात जिथे जागा मिळेल तिथे वाजवत बसतात. जगभरातून लोक येतात आणि गाव अगदी फुलून जातं.

नात म्हणाली, "आजी, आपल्याकडे असं काही असतं का गं? छोट्या गावात, सगळ्या गावाने मिळून आठवडाभर गाणं?"

मी म्हटलं, "कुठलं गं बाई! आपल्याकडे मोठ्या शहरात असतं सगळं. पुण्याला सवाई गंधर्व असतो. आपल्या हिंगोलीचा दसरा आहे म्हणा. खाकीबाबांच्या मठाने 1855 साली सुरू केला म्हणतात. रामलीला असते, प्रदर्शनी असते, रावण जाळतात. पण तो शहराचा सोहळा. खेड्यात काय असणार?"

फोन ठेवला, चहा टाकला, आणि गॅसजवळ उभी असतानाच माझी मला लाज वाटली. चौतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, नामदेव-ज्ञानेश्वरांवर धडे घेतले, आणि आपल्याच माहेरचा सप्ताह मला आठवला नाही! आठवला नाही की आठवायचा नव्हता, हा प्रश्न आहेच. त्याचं उत्तर पुढे येईल.

तर मंडळी, आज सप्ताहाबद्दल.

माझं माहेर कयाधू नदीच्या काठावरचं, नर्सीपासून फार लांब नाही. नर्सी म्हणजे नर्सी नामदेव, संत नामदेवांचं गाव. नामदेवांचा जन्म तिथला, 1270 सालचा, असं आमच्याकडे परंपरेने मानतात. कीर्तन म्हणजे काय ते महाराष्ट्राला त्यांनी शिकवलं. पुढे ते पार पंजाबात गेले. त्यांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे नर्सीला पंजाबातून शीख भाविक येतात. 2015 साली पंजाबातल्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच नात्यापोटी. आणि औंढ्याची गोष्ट तर आमच्या भागात लहान पोरंही सांगतात. नामदेवांना नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं! खरं-खोटं त्या नागनाथालाच ठाऊक. पण औंढ्याला नंदी समोर नाही, हे कुणीही जाऊन पाहावं.

अशा भागात सप्ताह नसलेलं गाव शोधावं लागेल. आमच्या गावचा सप्ताह चैत्रात, हनुमान जयंतीला सांगता. सुगी झालेली, रान मोकळं, नदी आटलेली, आणि ऊन असं की दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. ज्यांना माहीत नाही (माझ्या पुण्या-मुंबईच्या भाच्यांसाठी हे लिहिते आहे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहाटे चारला काकडा. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत संपवायच्या. दुपारी गाथ्यावरचं भजन, ऊन कललं की प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ. रात्री नऊला कीर्तन, आणि ते संपलं की पहाटेपर्यंत जागर. जागराला शेजारच्या गावांची भजनी मंडळं पाळीपाळीने येतात. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, दहीहंडी आणि गावपंगत.

आणि या सगळ्याच्या मुळाशी वीणा. पहिल्या दिवशी वीणेकरी गळ्यात वीणा घालून उभा राहतो, त्या घटकेपासून सांगता होईपर्यंत ती वीणा खाली टेकवायची नाही आणि थांबवायचीही नाही. दोन-दोन तासांचा पहारा. पहारेकरी बसत नाही, जागच्या जागी संथ फिरत राहतो. वेळ झाली की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. लहान-मोठा पाहायचा नाही, बापही लेकाच्या पाया पडतो. मी शाळेत पोरांना यावर गणित घालायची. सात दिवसांचे तास 168, दोन तासांची एक पाळी, तर पाळ्या किती? चौऱ्याऐंशी. गावात चौऱ्याऐंशी पाळ्या उभ्या राहिल्या तर सप्ताह होतो. देवावर विश्वास असो-नसो, हा हिशेब चुकत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, गावचे मृदंगी. कुणी पखवाज म्हणतं, आमच्याकडे मृदंगच म्हणतात. शिक्षण दुसरी. बोल मात्र शेकडो पाठ. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे शिकून आलेल्या एका महाराजांकडे आबा दोन पावसाळे राहिले होते, तेवढीच त्यांची शाळा. वाजवायला बसले की एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस निराळाच दिसे.

मृदंगाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक नसते. उजव्या तोंडाला काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडाला ती नसते. तिथे दर वेळी वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्या वजनाने कातडं जड होतं आणि तो पोटातून येणारा 'धूम' आवाज निघतो. कणीक लावली नाही तर डावी बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजते. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी ताजी लावायची. आणि कणीक गव्हाचीच लागते.

आता 1973 सालचं सांगते.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. ओळीने दोन-तीन वर्षं पाऊस फसलेला. बहात्तर साल तर कोरडंच गेलं. विहिरींना तळ दिसले. गावंच्या गावं खडी फोडायला, तलावाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर. तिथे लेकरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, थापतानाच मोडायची. आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा 1999 साली झाला.

मी नुकतीच मराठवाडा विद्यापीठाची बी.ए. होऊन दुसऱ्या गावी शाळेत लागले होते. वय बावीस. घरातली पहिली पगारदार. डोक्यात नवी पुस्तकं, नवी मतं आणि जिभेला धार. गावात वादावादी चालली होती की यंदा सप्ताह करायचा की नाही. वर्गणी कुठून आणायची? पंगत कशाची? माझं मत विचाराल तर हा वादच मूर्खपणाचा होता. माणसं खडी फोडतायत आणि तुम्हाला टाळ कुटायचे आहेत! शेवटी ठरलं की पंगत करायची नाही, मंडप घालायचा नाही, महाराजांना बोलवायचं नाही, गावातल्या गावात सप्ताह करायचा. दिवसभर कामावर जायचं आणि रात्री पहारा द्यायचा.

सुट्टीत मी घरी आले ती दोन किलो गहू घेऊन. मायने ते जात्यावर दळले. दोन महिन्यांत घरात पहिल्यांदा पोळीचा वास आला. धाकटा भाऊ तापाने अंथरुणावर होता, त्याला मिलो पचत नव्हती, म्हणून उरलेलं पीठ मायने डब्यात घालून उतरंडीमागे ठेवलं. सप्ताहाचा तिसरा दिवस होता. आबा खडीवरून आले, हातपाय धुतले, डबा काढला, मूठभर पीठ घेतलं आणि भिजवू लागले. दारात टाळकरी बोलवायला आलेले.

मी पाहिलं आणि माझा तोल गेला. त्या चौघांसमोर म्हणाले, "घरात लेकरू तापानं फणफणलंय, मायच्या ताटात मिलो हाय, आन् तुम्ही कणीक लाकडाला थापता? तुमच्या विठ्ठलाला सांगा सुकडी खायला."

आबांनी मान वर केली नाही. हातातला गोळा परातीत परत ठेवला. बोटांना चिकटलेलं पीठ पुसून पुसून काढलं आणि तेही परातीतच टाकलं. म्हणाले, "बराबर हाय तुझं, बाई." आणि मृदंग घरीच ठेवून टाळकऱ्यांबरोबर निघून गेले.

त्या रात्री देवळातून नुसत्या टाळांचा आवाज आला. आमचं घर देवळापासून चार घरं सोडून. मी अंगणात बाजेवर पडून ऐकत होते. मधूनमधून टाळ अडखळत. धरायला खालचा आवाजच नव्हता. मायने त्या गोळ्याची छोटी पोळी करून भावाला दिली. त्याने ती खाल्ली आणि झोपला. माय मला एका शब्दाने बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारची मावशी आली. एकटी बाई, दिवसभर कामावर टोपल्या वाहायची. तिच्या पदराच्या गाठीत चिमूटभर, खरंच चिमूटभर, गव्हाचं पीठ होतं. कुठून आणलं देव जाणे. आबांच्या पुढ्यात गाठ सोडून म्हणाली, "काल झोप लागली नाही, मृदंगाबिगर." तिच्यामागून आणखी दोन घरांतून आलं. एका पोराने हौसेने मिलोचं पीठ आणलं होतं. आबांनी त्याचं मन मोडू नये म्हणून भिजवून थापूनही पाहिलं. त्याला चिकटपणा कुठला? दोन थापांत खपल्या उडाल्या. पोरं हसली, आबाही हसले. मग गव्हाची चिमूट-चिमूट एकत्र करून लिंबाएवढा गोळा झाला, तेवढाच लावला आणि मृदंग वाजला.

तेव्हापासून आमच्या गावात एक रीत पडली. सप्ताहात मृदंगाची कणीक रोज वेगळ्या घरची. आता सुबत्ता आहे, पण रीत चालू आहे. कुणी ठराव केला नाही, कुठे लिहिलेलं नाही.

इथे एक गोष्ट लपवली तर मी शिक्षिका कसली. त्या काळी पंगती वेगळ्या बसत. मृदंगाला पुडी चढवणारं, वादी ओढणारं घर देवळाच्या पायरीखाली उभं राहून कीर्तन ऐकायचं. त्यांच्या हातचं कातडं आत आणि ते बाहेर. ज्या गावाच्या बाजूला देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतात, तिथे हे चालायचं आणि कुणाला खटकत नसे, मलाही नाही. कणकेवरून भांडणारी मी, त्यावर एक शब्द बोलले नव्हते. आज पंगत एक आहे, वीणेच्या पाळीत सगळ्या आळ्यांची नावं आहेत. ते व्हायला फार वर्षं लागली, हेही तितकंच खरं.

मी आबांची माफी कधी मागितली नाही. कारण मी चुकले होते असं मला वाटत नव्हतं. खरं सांगू? आजही वाटत नाही. आजारी लेकराच्या तोंडचं पीठ मृदंगाला लावू नये, यात चूक काय? पण बरोबर असून माणूस किती उणा असू शकतो ते मला पुढे हळूहळू कळत गेलं. चार माणसांसमोर बोलायची गरज नव्हती. त्यांनी दिवसभर खडी फोडून आल्यावर ते पीठ काढलं होतं, त्यांनाही भूक असणारच. ती मूठ त्यांनी स्वतःच्या पोटात घातली असती तर मी काही बोलले असते का? हा प्रश्न मला लग्न झाल्यावर, स्वतःची लेकरं झाल्यावर कधीतरी रात्री सुचला आणि मग सुटला नाही.

आबा 1991 साली गेले. मधल्या अठरा वर्षांत त्यांनी त्या संध्याकाळचं नाव काढलं नाही. मी सप्ताहाला जायचं हळूहळू टाळू लागले. परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, निवडणुकीची ड्यूटी आहे... शिक्षकाला कारणांची कमी नसते. पुढे कारणंही द्यावी लागेनात. आणि नातीने विचारलं तेव्हा म्हणून मोकळी झाले, "खेड्यात काय असणार?"

तर यंदा फेब्रुवारीतच भावाला फोन केला, सप्ताहाला येते म्हणाले. तोच भाऊ, ज्याने ती पोळी खाल्ली होती. आता सत्तरीला टेकलाय आणि सप्ताहाचं सगळं तोच पाहतो. तो म्हणाला, "ये अक्का. पण यंदा मोठी पंचाईत हाय."

पंचाईत पैशाची नव्हती. वर्गणी भरपूर जमते. मोठा मंडप, मोठे भोंगे, नावाजलेले महाराज, त्यांचं मानधन, त्यांच्या तारखा, सगळं होतं. (जिथे कीर्तन करावं तिथलं काही घेऊ नये असं तुकोबांनी बजावलेलं. तेही महाराज लोक कीर्तनात सांगतातच. असो.) पंचाईत होती पहाऱ्याची. रात्री बारा ते चार या पाळ्यांना नावंच येईनात. तरणी पोरं चाकणला, रांजणगावला, पुण्याला. ती काल्याच्या दिवशी मोटारसायकलवर येतात, फोटो काढतात आणि परत जातात. गावात आहेत त्यांची हळद. आमच्याकडे चैत्र म्हणजे हळदीचा हंगाम. रात्र-रात्र हळद शिजवणं चालतं, मजुरांची वानवा, सगळं गाव पिवळं झालेलं. माणूस दिवसभर हळद वाळत घालून रात्री दोनला वीणा घेऊन कसा उभा राहणार? कुणीतरी सुचवलं म्हणे की रात्रीपुरती वीणा खुंटीला लावा आणि मोबाईलवर भजन लावून द्या.

देवळात बैठक होती, मी पोचले त्याच संध्याकाळी. पारावर तक्ता टांगलेला, चौऱ्याऐंशी चौकोन, त्यातले अकरा कोरे. मी वाचत उभी राहिले आणि सवयीने बोलून गेले, "रात्री दोन ते चार, माझं नाव लिहा."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक वडीलधारे म्हणाले, "अक्का, दिवसाच्या पाळ्या बाया करत्यात, त्याला कोणाची ना न्हाई. पण रातच्याला बाईमाणसानं... आजवर तसं झालं न्हाई." भाऊ म्हणाला, "तुझं वय काय, पंच्याहत्तर. दोन तास उभं ऱ्हायचं काहून अंगावर घेती?"

मी म्हटलं, "चौतीस वर्षं उभं राहूनच शिकवलंय." लोक हसले. मग म्हटलं, "जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडची. रात्रीची दळायला बसायची तेव्हा तिला कुणी वेळ विचारली होती का?" यावर त्या वडीलधाऱ्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "लिहा. मास्तरीणबाईशी कोण वाद घालील." खरी गोष्ट अशी की माझ्यामागे भावाची सून उभी होती. तिने लगेच आपलं नाव सांगितलं आणि पाठोपाठ आणखी दोघींनी. त्या केव्हाच्या तयार होत्या, फक्त कुणी पहिल्यांदा बोलायची वाट पाहत होत्या. अकरा चौकोन पंधरा मिनिटांत भरले.

रात्री दोनला वीणा गळ्यात आली. माझ्या आधीचा पहारेकरी वर्गात माझ्यासमोर बसलेला पोरगा, आता नातवंडांचा आजा. तो माझ्या पाया पडला, मी त्याच्या पाया पडले. गुडघ्यांनी कुरकुर केली. वीणा दिसते तितकी हलकी नसते. पहिली दहा मिनिटं मी फक्त पडायचं नाही एवढाच विचार करत होते. मग पाय आपोआप चालायला लागले.

मंडपात सात-आठ माणसं. त्यातली तीन झोपलेली. एक कुत्रं. नदीकडून टिटवी ओरडत होती, कुठूनतरी शिजत्या हळदीचा दमट वास येत होता. मोठे भोंगे बंद, महाराज झोपायला गेलेले. टाळ वाजवणाऱ्या दोघी-तिघी बाया आणि मृदंगावर भावाचा नातू, एकोणीस वर्षांचा. तो आळंदीला चार वर्षं शिकून आलाय. तिथे समोर कुणी ऐकायला बसलंय असं नव्हतंच. मला तो व्हिडिओ आठवला, टेबलाभोवतीची ती माणसं. तिकडचीही पोरं म्हणे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी परदेशी जात आली आहेत आणि त्या एका आठवड्याला गावी परततात. आणि त्यांचा तो आठवडा सुरू झाला तो 1973 सालीच. आम्ही इकडे चिमूट-चिमूट पीठ गोळा करत होतो त्याच उन्हाळ्यात, तिकडे कुणी आपल्या गेलेल्या वादकासाठी शाळेच्या खोल्या उघडत होतं. यात जोडण्यासारखं काही नाही, योगायोगच आहे. पण रात्री अडीचला वीणा घेऊन फिरताना असलं काहीबाही जोडलं जातं.

तीनच्या सुमाराला डावी बाजू पोकळ वाजायला लागली. नातू थांबला, बोटाने चाचपलं. "अक्काआजी, कणीक सुकली. आज पाळी कोणाच्या घरची व्हती?"

तक्त्यावर त्या दिवशी माझ्या भावाच्या घराचं नाव होतं. म्हणजे आबांच्या घराचं. पीठ मी संध्याकाळीच पिशवीत घालून आणलं होतं, पण वीणा गळ्यात, हात गुंतलेले. भावाच्या सुनेला खुणेने पिशवी दाखवली. तिने वाटीत पीठ काढलं, तांब्यातलं पाणी घातलं आणि विचारलं, "किती भिजवू, आत्याबाई?"

"मूठभर," मी म्हटलं.

नातवाने गोळा घेतला, मधोमध थापला, कडा बोटाने सारख्या केल्या, आणि एक थाप मारून कान लावून ऐकलं. आबा अगदी असंच करायचे. त्याने आबांना पाहिलेलं नाही. मग वाजायला लागलं आणि टाळ सावरले. मी फिरत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तसंच वाहू दिलं. अंधारात कोण बघतंय?

चारला काकडा सुरू झाला आणि पुढच्याच्या गळ्यात वीणा गेली. खाली बसले तर उठता येईना, दोघींनी धरून उठवलं. दोन दिवस पाय सुजले होते, भावाने यथास्थित रागावून घेतलं. पुढच्या वर्षीचा तक्ता करताना तो माझं नाव घालणार नाही म्हणतोय. बघू.

रविवारी नातीचा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं, कणकेचंही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, मागच्या वेळी तू म्हणालीस की आपल्याकडे असं काही नसतं."

"चुकलं माझं," मी म्हटलं. तिला ते व्हिडिओबद्दल वाटलं असणार.

ती पुढच्या चैत्रात सुट्टी काढून येते म्हणाली आहे. येईल तेव्हा खरं. तिला सांगून ठेवलंय, यायचं तर काल्याच्या दिवशी नको, चांगलं चार दिवस आधी ये, आणि रात्री दोनला उठायची सवय करून ये.

तुमच्या गावचा सप्ताह कधी असतो? तिथे रात्रीचा पहारा कोण देतं? एकदा फोन करून विचारून बघा.